भिंत खाल्ली ती

पहिलं रक्त मी काढलं, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुऱ्हाड चालली, एक हात कायमचा गेला, वाशीमहून पोलीस आले आणि गावानं सगळं पाप माझ्या दिराच्या माथी मारलं. ते योग्यच झालं. पण सुरुवात माझ्या विळ्यानं झाली, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही.

जऊळक्याची गोष्ट, अडतीस सालची. माझा नवरा जानराव थोरला आणि इंद्रभान त्याचा धाकटा भाऊ. सासू-सासरे गेल्यावरही चार वर्षं आम्ही एका चुलीवर जेवलो. मग इंद्रभानचा लाडका बैल मेला. दोन दिवस त्यानं काळं कुळकुळीत शेण टाकलं आणि तिसऱ्या दिवशी पाय झाडून गेला. आमच्याकडे काळं शेण म्हणजे सोमलाचं विष. वैरापोटी दुसऱ्याच्या जनावराला चाऱ्यातून सोमल घालणारे महाभाग तेव्हा गावोगाव होते. इंद्रभाननं ठरवूनच टाकलं की हे थोरल्या भावाचं काम. माझा नवरा म्हणजे पायाखाली मुंगी आली तरी हळहळणारा माणूस. तो बैल काय मारणार? पण इंद्रभानच्या डोक्यात एकदा शिरलं की ते कुदळीनंही निघत नसे. वाटणी झाली. शेत अर्धं-अर्धं झालं आणि घराच्या मधोमध भिंत उभी राहिली.

त्या भिंतीची माती दोघा भावांनी एकाच गाडीतून आणली, तीही एकमेकांशी शब्द न बोलता. गावच्या जुन्या गढीची पांढरी माती. लोण्यासारखी मऊ, आणि पाणी शिंपडलं की असा वास सुटतो की पोटुशी बाई असेल तर तिच्या तोंडाला पाणीच सुटावं. मला तो वास ठाऊक होता. दोनदा पोटुशी होते मी, आणि दोन्ही वेळा मेलेलं मूल झालं. दुसऱ्या वेळी मीही गेल्यातच जमा होते.

भिंतीपलीकडे इंद्रभान आणि त्याची बायको रंगू. एकोणीस वर्षांची पोर, धनजची. आमचं बोलणं बंद होतं, पण भिंत बोलणं अडवते, आवाज अडवत नाही. इंद्रभान तिला मारायचा. निंदायला गेली की धाप लागून बांधावर बसते, पाणी आणताना घागर सांडते, चार पावलं चालली की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणते. ही सगळी सोंगं आहेत असं त्याचं म्हणणं होतं. पहिल्या दिवसांत त्या चापटा ऐकून मला बरं वाटायचं. भोगा म्हणावं, आमच्यावर आळ घेतला ना. असं मनात यायचं, आणि आज त्याची लाज वाटते, पण यायचं ते यायचं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास माझ्या चुलीमागच्या भिंतीत खरवडल्याचा आवाज यायला लागला. रोज दुपारी, पुरुष शेतात गेले की. मला वाटलं घूस लागली. घूस एकदा लागली की पोखरून पोखरून घर पाडते. मी तीन दिवस विळा घेऊन पाळतीवर बसले. तिसऱ्या दिवशी चुलीमागे माती भुरभुरली, बोटभर भोक पडलं आणि त्यात काहीतरी पांढुरकं हललं. मी दात-ओठ खाऊन घाव घातला.

किंचाळी आली ती बाईची. भोकातून रक्त माझ्या बाजूला ओघळलं आणि माझ्या हातातला विळा खाली पडला, कारण ते रक्त लाल नव्हतं. लाल लुगडं धुताना शेवटच्या पाण्याला जो रंग राहतो, तेवढाच रंग होता त्याला. असं रक्त मी आधी एकदाच पाहिलं होतं. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात, माझं स्वतःचं.

"कोन हाय तिकडे?" मी विचारलं.

"मी. रंगू."

"भिंत काहून कोरून राह्यली?"

ती आधी नुसती हुंदके देत होती. मग म्हणाली, "खाऊन राह्यली, बाई. भाकर जात नाही मले. माती जाते."

मी भोकाला डोळा लावला. तिच्या बाजूला ज्वारीच्या कणगीमागे भिंत सुपाएवढी रुंद आणि हातभर खोल खाल्लेली होती. महिनोन्‌महिने खात असणार. पलीकडे तिचं तोंड दिसलं. ओठ पांढरे, ते मातीनं की मुळातच, कळेना. पोट चांगलंच पुढे आलेलं, सातव्याला लागलेली असेल. मी पोलक्याची बाही फाडली, चिंधी भोकातून आत सारली आणि बोटाला घट्ट बांध म्हणून सांगितलं. वर्षभरात मी तिला दिलेली ती पहिली वस्तू.

बाजाराच्या दिवशी वाशीमच्या मिशन दवाखान्यातल्या नर्स गोमतीबाई आगगाडीनं जऊळक्याला यायच्या आणि स्टेशनजवळच्या धर्मशाळेत बसायच्या. गावातल्या बायका त्यांच्याकडे जायला बिचकत. पोटुशीनं फार खाल्लं तर मूल मोठं होतं आणि अडतं, असं आमच्या म्हाताऱ्या सांगत आल्या होत्या. गोमतीबाई म्हणायच्या उलटं, दोन जिवांचं खा. शिवाय डोळ्याची खालची पापणी ओढून बघायच्या, आणि ते कुणाला आवडत नसे. मी गेले आणि रक्ताच्या रंगापासून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पेशंटला आणा, पाहिल्याशिवाय औषध देत नाही. मी म्हटलं, "तिले कशी आणू? मधात भिंत हाय." मग भिंतीचीही गोष्ट सांगावी लागली. ती खाते हे ऐकल्यावर त्यांनी पुढे काही विचारलं नाही. अंगात लोह नसलं की बाई माती मागते, एवढं म्हणाल्या आणि पेटीतून हिरव्या गोळ्यांची बाटली काढली.

रोज एक, जेवणानंतर. सोबत शेवग्याचा पाला, तांदुळजा, तीळ-गूळ, मिळाली तर बोकडाची कलेजी. बाळंतपणात घागरभर रक्त जातं, या पोरीकडे तांब्याभरही नाही, असं त्यांनी मला बजावलं. आणि शेवटी हसत म्हणाल्या, शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही, ते लोखंड असतं. मीही हसले, पदर तोंडाला लावून.

ती शेवटची गोष्ट मी रंगूला सांगितली नाही. मुद्दाम नव्हे. जावेशी असलं काय बोलायचं, तेही भिंतीच्या भोकातून, अशी लाज वाटली. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता राहून गेलं. एवढ्याशा लाजेनं माझ्या घरात कुऱ्हाड आणली.

भोक मी मुठीएवढं कोरलं, आणि पुढचे चाळीस दिवस आमचा रोजचा नेम झाला. पुरुष गेले की मी भोकापुढचं मडकं सरकवायची आणि रंगू कणगीमागे येऊन बसायची. आधी तिळाचा लाडू, मग पाल्याची भाजी हाताच्या मुठीत, शेवटी गोळी. "गीळ, चावू नको," मी म्हणायची. ती भोकातून बोट बाहेर काढून माझ्या बोटाला लावायची. त्या बोटावर माझ्या विळ्याचा वण होता. जानरावला मी दोन आठवड्यांनी सांगितलं. त्यानं बाजाराच्या दिवशी खाटकाकडून पळसाच्या पानात कलेजी बांधून आणली आणि न बोलता चुलीपाशी ठेवली. महिन्याभरानं मला एक गोष्ट दिसली आणि मी एकटीच हसले. भोक वाढायचं थांबलं होतं. तिला माती नकोशी झाली होती.

पायांवर मात्र सूज होती. पहाटे बायकांबरोबर शेतात जाणं तिला जमेना, म्हणून ती परसातच, गोठ्याच्या मागे बसायची आणि वर राख टाकायची. मार्गशीर्ष सरत आला होता. त्या दिवशी राख टाकायची राहिली असेल. इंद्रभान कडबा आणायला मागे गेला आणि त्यानं ते पाहिलं. काळं कुळकुळीत. बैलानं टाकलं होतं तसंच.

आधी मारल्याचे आवाज आले. रोजचंच असेल म्हणून मी तव्यावरची भाकर उलटली. खरंच उलटली, आणि ती नीट फुगली म्हणून मला समाधानही वाटलं. मग भांडी पडली. तो तिला काय खाल्लंस, कुणी दिलं, असं विचारत होता आणि प्रत्येक प्रश्नाबरोबर तिचं डोकं कशावर तरी आपटत होतं. ती सांगेना. माझं नाव घेतलं तर दोन घरांत खून पडेल, असं तिला वाटलं, हे तिनं मला नंतर सांगितलं. तिच्या पदराच्या गाठीत त्याला आदल्या दिवशी गिळायची राहिलेली हिरवी गोळी सापडली. मग कणगी सरकवल्याचा आवाज आला, माझ्या बाजूचं मडकं ढकललं गेलं, आणि भोकातून त्याचा डोळा माझ्या चुलीकडे बघत होता. मी उलथनं हातात घेऊन तशीच गोठले.

तो बोळातून फिरून आमच्या दारात आला तेव्हा त्याच्या एका हातात कुऱ्हाड होती आणि दुसऱ्या हातात ती गोळी. जानराव अंगणात कोपरीच्या बाह्या सारून वखराची दोरी वळत बसला होता.

"दादा, बैल मारला तं मारला," इंद्रभान म्हणाला, "आता माही बायको बी मारून राह्यला का?"

जानरावनं मान वर केली. इंद्रभाननं उत्तराची वाट पाहिली नाही. पहिला घाव डोक्यावर होता. जानरावनं डावा हात आडवा घातला, आणि ओला ऊस मोडावा तसा आवाज आला. हात कोपराखाली लोंबायला लागला. रक्ताची चिळकांडी भिंतीवर गेली, दोरीवर गेली, माझ्या तोंडावर आली. दाट, गरम, लालभडक. माझ्या नवऱ्याच्या अंगात इतकं रक्त होतं हे मला तेव्हा कळलं. मी ओरडले नाही. कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि दिराच्या गुडघ्यावर घातलं. तो बसला. दुसरं खांद्यावर घातलं. त्यानं बसल्या-बसल्या कुऱ्हाड फिरवली, ती माझ्या पोटरीला चाटून गेली. तो वण अजून आहे. मग तो उठला, एक पाय ओढत, आणि जानराव जिथं पडला होता तिथं जाऊन कुऱ्हाड परत वर उचलली. मी मुसळ फेकलं, ते लागलं नाही. माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात भिंत पडली.

सगळी नव्हे. चुलीमागची, तिनं खाऊन पोकळ केलेली, दाराएवढी भिंत धप्पदिशी माझ्या चुलीवर आली. धुरळा उडाला, विस्तव उधळला. पलीकडून खांदा लावून ती ढकलणारी रंगू धुरळ्यातून आली. कपाळ फुटलेलं, केस सुटलेले, पोटाला दोन्ही हात. ढेकळांवरून चढताना तिचा पाय सरकला आणि ती पोटावर आपटली. तशीच सरपटत, दार ओलांडून, अंगणात आली. तिनं मुठीत भिंतीचं ढेकूळ धरलं होतं. ते तिनं नवऱ्याच्या डोळ्यांसमोर तोंडात घातलं आणि कराकरा चावलं.

"भिंत म्या खाल्ली," ती म्हणाली. "भूक म्हून खाल्ली. यायनं मले औषध देल्लं. मारायचं तं मले मारा."

इंद्रभानची कुऱ्हाड वरच राहिली. शेजारचे शालिकराम आणि त्याचे भाऊ धावून आले होते. त्यांनी मागून त्याला आडवा पाडला आणि दाव्यानं हात बांधले. तो ओरडत होता, इख हाय ते, इख देल्लं माह्या बायकोले. गर्दीतली दोन-चार तोंडं माझ्याकडे वळली. काळ्या शेणाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

मग माझं डोकं फिरलं. मी घरातून बाटली आणली, त्याच्या छातीवर बसले, नाक दाबलं आणि तोंड उघडताच चार गोळ्या आत कोंबल्या. वरून तांब्या ओतला. "इख हाय ना? मंग खाय तू बी. मर." त्यानं माझ्या हाताला कडकडून चावा घेतला, पण गोळ्या पोटात गेल्या. मला कुणी आवरलं नाही. खरं तर मी त्या वेळी मारायलाच बसले होते. हातात गोळ्यांऐवजी सोमल असता तर तोही घातला असता.

गावचे पाटील बबनराव आले. त्यांनी इंद्रभानला चावडीच्या खांबाला बांधलं, जानरावला बैलगाडीत घालून स्टेशनवर पाठवलं आणि येताना नर्सबाईला आणा म्हणून निरोप दिला. मी नवऱ्याबरोबर गेले नाही. त्यानं गाडीत डोळे उघडून मला खुणावलं, रंगूकडे बघ. रंगूला कळा लागल्या होत्या. आठवा महिना.

दुपारभर मी एकटी होते तिच्यापाशी. माझ्याच घरात, पडक्या भिंतीच्या आडोशाला, विस्तव आणि माती तशीच पसरलेली. मूल दिवस मावळायच्या आधी झालं. मुलगी, ओंजळीत मावेल एवढी. रडली मात्र खणखणीत. मग रक्त सुरू झालं. मी लुगडी घालत गेले, ती भिजत गेली. माझे डोळे रंगाकडे होते. लाल होतं. माझ्या नवऱ्याच्या रक्ताइतकं नाही, पण लाल होतं. मी देवाचं नाव घेतलं नाही, गोळ्याच मोजल्या, चाळीस, चाळीस, चाळीस. गोमतीबाई संध्याकाळच्या गाडीनं आल्या आणि मुठीनं पोट दाबून बसल्या, तेव्हा कुठे ते थांबलं. हात धुताना त्या म्हणाल्या, या पोरीच्या अंगात महिनाभरापूर्वी जेवढं होतं, त्यातून एवढं गेलं असतं तर मागे काही उरलं नसतं. मी तिथंच मातीत बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बबनराव पाटील स्वतः आले. म्हणाले, तुमच्या दिराला शेताकडे नेलं होतं, त्यानं काळं केलं. तेव्हापासून तो खांबाला टेकून मरणाची वाट बघून राह्यला. त्यानं मरताना म्हणून पाटलांना सगळं सांगून टाकलं होतं. बायकोला किती मारलं, भावाला कसं तोडलं. पाणी नको म्हणाला. गोमतीबाई मुलीला कापसात गुंडाळत होत्या. त्या उठल्या आणि पाटलांबरोबर चावडीवर गेल्या, मीही लंगडत मागे गेले.

त्यांनी त्याला सांगितलं, ते लोखंड आहे, तू मरत नाहीस. तुझी बायकोही त्यानं मरत नव्हती, जगत होती.

इंद्रभाननं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "मंग बैल?" तो म्हणाला.

गोमतीबाई म्हणाल्या, मी जनावरांची डॉक्टर नाही. बैल कशानं मेला हे आजतागायत कुणाला कळलं नाही. पण त्या दिवशी तो खांबावर डोकं आपटत होता, आणि मरण आलं नाही म्हणून रडणारा माणूस मी तेवढाच पाहिला. मला त्याची दया आली नाही. खोटं कशाला बोलू?

त्याला सव्वादोन वर्षांची शिक्षा झाली. जानरावचा डावा हात कोपराखालून गेला, तो एका हातानं दोरी वळायला शिकला, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून. रंगू आमच्या चुलीवर जेवायला लागली. पडलेल्या भिंतीच्या ढेकळांचं आम्ही काहीच केलं नाही. येता-जाता पाय पडून पडून ती सपाट झाली आणि दोन्ही घरं आपोआप एक झाली. पोर त्या फटीतून रांगत इकडून तिकडे जायची.

इंद्रभान सुटून आला तेव्हा ज्वारी निसवली होती. केस पांढरे, आवाज खाली गेलेला. दादाच्या पायावर डोकं ठेवून तो खूप वेळ पडून राहिला. जानरावनं उरलेला हात त्याच्या पाठीवर ठेवला. ते दोघांचं झालं. पण माणसाची खोड जात नाही. चार दिवसांत त्याला फट खुपायला लागली. लोक काय म्हणतील, वाटणी झालेली घरं अशी उघडी कशी ठेवायची? कुणाला न विचारता तो गढीवर गेला, पांढऱ्या मातीची गाडी आणून दारात रिकामी केली, पाणी ओतलं आणि पायानं चिखल तुडवायला लागला. तोच वास सुटला.

मी मुसळाकडे पाहिलं. खरंच पाहिलं. पण रंगू माझ्या आधी बाहेर आली. अडीच वर्षांची मुलगी कडेवर, गाल भरलेले, ओठ लाल. ती चिखलापाशी उभी राहिली आणि त्याचे पाय थांबेपर्यंत बघत राहिली. वण असलेल्या बोटानं तिनं थोडा चिखल उचलला, हुंगला आणि झटकून टाकला.

"बांधा," ती म्हणाली. "मी आणखीन खाईन."

तो चिखलात तसाच उभा राहिला. मग बाहेर आला, पाय धुतले, आणि ती माती दोन्ही घरांच्या अंगणात सारवायला कामी आली.